लंडनमध्ये आठ आणि बारा वर्षांच्या मुलांना मोनोपॉलीच्या मोठ्या पटावर न्यावं का?

तुम्ही विचारलंय की सुट्टीत आठवडाभर लंडनला येताय, मुलं आठ आणि बारा वर्षांची, सोबत सासूबाई, तर टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या 'मोनोपॉली लाइफसाइज्ड'ला, म्हणजे आपल्या 'व्यापार'सारख्या मोनोपॉली या खेळाच्या भल्यामोठ्या पटाला, अर्धा दिवस द्यावा का. माझं म्हणणं, द्या. पण त्याला जोडून एक सकाळ लंडनच्या त्या खऱ्या रस्त्यांसाठी राखून ठेवा, ज्यांची नावं मोनोपॉलीच्या पटावर आहेत. ती सकाळ फुकट असते आणि आमच्या मुलांना तीच जास्त आठवते.

मी लंडनच्या हॅरो भागात राहते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही गेलो होतो: मी, नवरा, नऊ आणि बारा वर्षांची मुलं, आणि सांगलीहून आलेले माझे बाबा. अनुभव तेव्हाचा आहे, म्हणून ते अजून चालू आहे ना, सध्याचं तिकीट आणि वेळा काय, हे त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच बेत ठरवा.

आत काय असतं ते आधी सांगते, कारण पुष्कळ जण संग्रहालय किंवा पाळणे असतील अशा समजुतीने जातात. तिथे आपण पटावर चालतो. पट साधारण पंधरा मीटर बाय पंधरा मीटर, चार संघ एकाच वेळी खेळतात, आणि प्रत्येक संघासोबत सोंगटीच्या वेषातला एक कलाकार असतो, तो डाव पुढे नेतो. फासे टाकायचे, घरावर पोचायचं, पण नुसते पैसे मोजून जागा मिळत नाही. पटाच्या कडेने खोल्या आहेत. त्या खोलीत शिरून ठरावीक वेळात कोडं सोडवायचं, काही बांधायचं किंवा सांकेतिक भाषा उलगडायची. जमलं तर जागा विकत घेता येते, नाही जमलं तर हात हलवत बाहेर. सगळा डाव ८० मिनिटांचा. नेहमीच्या पटाखेरीज लहान मुलांसाठी ज्युनिअर पटही आहे.

आठ वर्षांच्या मुलाला कुठल्या पटावर न्यायचं हा तुमचा खरा प्रश्न आहे. तो इंग्रजी सूचना भराभर वाचत असेल तर सगळे मिळून मोठ्या पटावर खेळा, कुटुंब एका संघात असण्याची मजा वेगळीच. वाचन अजून सावकाश असेल तर ज्युनिअरच घ्या. घड्याळ धावत असताना मोठी भावंडं धाकट्याच्या हातातून वस्तू ओढून घेतात, आणि पैसे भरून आपण त्याला कोपऱ्यात उभं करतो. आमच्याकडे तेच झालं. दुसऱ्या खोलीतून बाहेर येताना धाकटी रडवेली झाली होती. मग आम्ही ठरवलं की प्रत्येक खोलीत पहिला हात तिने लावायचा. पुढे ठीक झालं. वेळही शक्यतो सकाळची घ्या, दिवसभर फिरून दमलेली मुलं कोडी सोडवत नाहीत, भांडतात.

आता सासूबाई. याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. बाबा 'व्यापार' खेळण्यात पट्टीचे. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या माडीवर डाव मांडला की बँक त्यांच्याकडेच असायची, आणि नोटांच्या गड्ड्या ते खऱ्या कॅशिअरसारख्या रंगांप्रमाणे लावून ठेवायचे. त्यामुळे मला वाटलं होतं की त्यांना सगळ्यात जास्त आवडेल. पहिल्या खोलीत मात्र ते भिंतीला टेकून नुसते उभे राहिले. सूचना इंग्रजीत, वेगात, त्यात आवाज आणि दिव्यांची उघडझाप. मला फार वाईट वाटलं. मग फासे आणि हिशेब त्यांच्याकडे दिले. तिसऱ्या खोलीत तुकडे जुळवायचे होते, तिथे भाषेचं कामच नव्हतं, आणि आम्ही चौघं गोंधळात असताना त्यांनी शांतपणे ते जुळवून दिले. तेव्हा सासूबाईंना इंग्रजीची सवय नसेल तर आत शिरण्याआधीच त्यांचं काम ठरवून द्या. 'तुम्ही नुसत्या बसा' असं म्हणू नका, तिथे निवांत बसून बघण्यासारखं काही नाही.

भूक लागली की तिथून दहा-पंधरा मिनिटं चालून युस्टन स्टेशनाशेजारच्या ड्रमंड स्ट्रीटवर जा. भेळ, डोसा, थाळी मिळणारी शाकाहारी हॉटेलं तिथे आहेत.

आता ती फुकटची सकाळ. हा खेळ मुळात अमेरिकेचा. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ मध्ये त्याच्या पूर्वजाचं पेटंट घेतलं होतं, जमीन मूठभरांच्या हातात गेली की बाकीच्यांचं काय होतं ते दाखवायला. त्यांनी नियमांचे दोन संच केले होते. एकात एकाने कमावलं की सगळ्यांना वाटा, दुसऱ्यात बाकीच्यांचं दिवाळं काढायचं. जगभर पसरला तो दुसरा. माझ्या मुलाने हे ऐकून पहिले नियम वापरून खेळायचा हट्ट धरला, आणि आम्ही खेळलोही. लंडनचा पट १९३० च्या दशकात लीड्स शहरातल्या वॉडिंग्टन्स कंपनीने आणला. कंपनीचे प्रमुख व्हिक्टर वॉटसन आणि त्यांच्या सचिव मार्जरी फिलिप्स यांनी लंडनमध्ये फिरून रस्ते निवडले. आपण त्यांच्याच मागे चालायचं.

चेरिंग क्रॉस स्टेशनवर उतरा. ट्रफाल्गर स्क्वेअरला उभं राहिलं की स्ट्रँड, नॉर्थंबरलंड अव्हेन्यू आणि व्हाइटहॉल तिथूनच फुटतात, पॉल मॉल दोन मिनिटांवर. म्हणजे जेमतेम पाव तासात पाच घरं. मग लेस्टर स्क्वेअर, कॉव्हेंट्री स्ट्रीट, पिकॅडिली. पिकॅडिलीजवळची व्हाइन स्ट्रीट मुलांना शोधायला लावा. पटावर २०० पौंडांची ती जागा म्हणजे प्रत्यक्षात एक छोटीशी बंद गल्ली आहे! तिथे पूर्वी पोलीस ठाणं होतं. ही गल्ली पटावरच्या ज्या नारिंगी रंगाच्या गटात येते तो सगळाच पोलीस आणि कोर्टांचा, हे तिथे उभं राहून सांगितलं की मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं. पुढे रीजंट स्ट्रीटवरून वर जाताना ग्रेट मार्लबरो स्ट्रीट लागते, पटावर तिचं 'ग्रेट' गळलंय. मग ऑक्सफर्ड स्ट्रीट. बाँड स्ट्रीट या नावाचा एक रस्ता नाहीच, ओल्ड बाँड आणि न्यू बाँड असे दोन आहेत. मेफेअर तर रस्ताच नव्हे, अख्खा भाग आहे, त्यातून चालत पार्क लेनला निघा. बावीस रस्त्यांपैकी पंधरा झाले.

सासूबाईंसोबत हे रमतगमत तीन तास धरा. थकल्या तर ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून बस घ्या आणि मार्बल आर्चला उतरा, पार्क लेन तिथेच सुरू होते. आठ वर्षांच्या मुलाला ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, तुमच्यासोबत तिकीट लागत नाही, बारा वर्षांच्याला मात्र लागतं. त्याच्या ऑयस्टर कार्डावर, म्हणजे प्रवासाच्या कार्डावर, स्टेशनातल्या कर्मचाऱ्यांकडून 'यंग व्हिजिटर' सवलत घालून घ्या.

पार्क लेन ओलांडली की हाइड पार्क. आम्ही तिथे गवतावर बसून दशम्या आणि चटणी खाल्ली. समोरच्या पार्क लेनच्या इमारतींकडे बघत बाबांनी नातीला विचारलं, "हिचं मोकळ्या जागेचं भाडं किती गं?" ती तोंडपाठ म्हणाली, "पस्तीस पौंड, आजोबा. मेफेअरचं पन्नास."