१६ रात्रींत ८ शहरे आणि सोबत दोन किशोरवयीन मुले

जूनच्या अखेरीस १६ रात्रींसाठी १४ आणि १७ वर्षांच्या मुलांना घेऊन लंडन, ॲमस्टरडॅम, ब्रुसेल्स, पॅरिस, ल्युसर्न, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम अशी ८ शहरे पाहण्याचा आपला बेत आहे, आणि एवढे सारे जमेल का व रेल्वेचा पास घ्यावा का, असे आपण विचारले आहे. गाड्यांच्या वेळापत्रकानुसार पाहिले तर जमेल. मुले मात्र नवव्या दिवशी असहकार पुकारतील. हे अनुभवाने सांगतो आहे, कारण पहिल्या खेपेस आम्ही १५ दिवसांत ७ शहरे केली आणि फ्लॉरेन्सला पोहोचल्यावर आमच्या १५ वर्षांच्या मुलीने खोलीबाहेर पडण्यासच नकार दिला. त्या वेळी मला तिचा राग आला होता, पण आज वाटते की आमच्यात शहाणी तीच होती.

शहरे मोजू नका, मुक्काम हलवण्याचे दिवस मोजा. ॲमस्टरडॅमहून पॅरिसला थेट गाडी सव्वातीन तासांच्या आसपास पोहोचवते, म्हणून हा प्रवास किरकोळ वाटतो. पण सकाळी बॅगा भरायच्या, दहा-अकराला खोली सोडायची, स्थानक गाठायचे, उतरल्यावर मेट्रोने निवासापर्यंत जायचे आणि तिथली खोली बहुधा तीननंतरच ताब्यात मिळायची, हा हिशेब केला तर दिवसाचा चांगला भाग संपलेला असतो. आपल्या आराखड्यात असे ७ दिवस आहेत.

म्हणून मी लंडन व ब्रुसेल्स वगळीन. लंडन शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, असल्याने भारतीय पारपत्रावर त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो, आणि एवढा खटाटोप दोन रात्रींसाठी परवडत नाही. ब्रुसेल्स केवळ वाटेत लागते म्हणून यादीत आलेले दिसते. उरलेल्यांची वाटणी ॲमस्टरडॅम ३, पॅरिस ४, ल्युसर्न ३, व्हेनिस २ आणि रोम ४ रात्री अशी करावी. रोमहून वेगवान गाडीने फ्लॉरेन्स दीड तासावर आहे, त्यामुळे ते बॅगा न हलवता एका दिवसात जाऊन-येऊन होते. विमान ॲमस्टरडॅमला उतरणारे आणि रोमहून परतणारे घ्यावे. या वाटणीत सर्वाधिक रात्री इटलीत येतात, म्हणून उतरणे नेदरलँड्समध्ये असले तरी व्हिसाचा अर्ज इटलीकडे करावा लागेल.

आता मुलांविषयी. या वयाची मुले सकाळी आठला ताजीतवानी होऊन संग्रहालयाच्या दारात उभी राहतील ही अपेक्षाच सोडून द्यावी. जूनअखेरीस पॅरिसमध्ये सूर्य जवळजवळ दहाला मावळतो, याचा लाभ घ्यावा. दहाला निघावे, दुपारी खोलीवर येऊन तास-दोन तास पडावे आणि सहानंतर पुन्हा बाहेर पडावे. लूव्र हे कलासंग्रहालय बुधवारी व शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत उघडे असते आणि मंगळवारी बंद असते. तिथे १८ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे, परंतु त्यांच्याही नावे वेळ आरक्षित करून ठेवावी. रोममध्ये मात्र हे वेळापत्रक उलटे करावे लागेल, कारण उन्हाच्या तडाख्यात कलोसियम पाहणे म्हणजे शिक्षाच. तिथे सकाळची पहिली वेळ घ्यावी आणि रस्त्यांवरच्या पिण्याच्या पाण्याच्या नळांवर बाटल्या भरत राहाव्या.

दुसरे असे की प्रत्येक मुलाला एकेक दिवस पूर्णपणे सोपवावा. कुठे जायचे, कसे जायचे, कुठे जेवायचे हे त्याने ठरवावे आणि आपण निमूट मागे चालावे. दुसऱ्या खेपेस आमच्या १३ वर्षांच्या मुलाने पॅरिसमधले सांडपाण्याच्या भुयारांचे संग्रहालय निवडले. आम्ही हसलो, नाक मुरडत गेलो आणि शहराखाली पसरलेले ते जाळे पाहून आम्हीच त्याच्यापेक्षा अधिक वेळ रेंगाळलो. ॲमस्टरडॅममध्ये ॲन फ्रँकचे घर मात्र आपण ठरवून दाखवावे. नाझींपासून लपून राहताना रोजनिशी लिहिणारी ही ज्यू मुलगी १९४२ च्या जुलैमध्ये लपायला गेली तेव्हा १३ वर्षांची होती, आणि त्या अरुंद जिन्यावरून चढताना त्याच वयाच्या मुलांना काही समजावून सांगावे लागत नाही. तिकिटे केवळ ऑनलाइन मिळतात व दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात, म्हणून तो मंगळवार दिनदर्शिकेत आजच नोंदवून ठेवा.

पासविषयी माझे मत नकारार्थी आहे. युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या युरेल या रेल्वे पासवर १२ वर्षांखालील मुले विनामूल्य जातात, पण आपली मुले ते वय ओलांडून गेली आहेत. तरुणांसाठीची सवलत तेवढी मिळेल. शिवाय युरोस्टार, फ्रान्समधील तेजेव्हे (TGV) आणि इटलीतील वेगवान गाड्यांत पास असूनही आसन आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. केवळ ४ मोठ्या प्रवासांसाठी सुटी तिकिटे काही महिने आधी घेतली की बहुधा स्वस्तच पडतात. अपवाद स्वित्झर्लंडचा. तेथील स्विस ट्रॅव्हल पास पालकांनी घेतला की १६ वर्षे पूर्ण न झालेले मूल त्यांच्याबरोबर फुकट जाते. म्हणजे धाकट्याचा खर्च वाचेल, थोरल्याला मात्र युवा दराचा पास लागेल. या पासवर ल्युसर्नहून बोटीने व्हिट्झनाऊ आणि तिथून १८७१ साली सुरू झालेल्या दातेरी रुळांच्या गाडीने १,७९८ मीटर उंचीच्या रिगी शिखरापर्यंत जाता येते. याहून उंच व महागड्या शिखरांची जाहिरात पुष्कळ असते, पण आमच्या मुलांच्या आठवणीत बोट, गाडी आणि उतरताना अर्धी वाट पायी चालणे हेच राहिले.

निवासाबाबत एवढेच, की चौघांची एकच खोली मोठ्या शहरांत क्वचित मिळते आणि १७ वर्षांचे मूल अनेक ठिकाणी प्रौढ धरले जाते. त्यामुळे दोन खोल्यांच्या भाड्याची तुलना स्वयंपाकघर असलेल्या घराशी आधीच करावी. ल्युसर्नला कपडे धुण्याचे यंत्र असलेले घर मिळाले, तर सहा-सात दिवसांचेच कपडे पुरतील. हलक्या बॅगांचे महत्त्व व्हेनिसमध्ये कळते, कारण तिथे पुलांना पायऱ्या आहेत आणि चाकांची बॅग प्रत्येक पुलावर उचलावीच लागते. सांता लुचिया स्थानकाजवळ राहिल्यास हा त्रास बराच कमी होतो. व्हेनिसमध्ये काही ठरावीक तारखांना दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. मुक्कामी राहणाऱ्यांना ते माफ असले तरी त्या तारखांसाठी संकेतस्थळावर तशी नोंद करावी लागते.

आपल्या तारखा निश्चित झाल्या की ल्युसर्न–व्हेनिस प्रवास कोणत्या वारी येतो ते कळवा. मिलानला गाडी बदलण्यात तो जवळजवळ सारा दिवस जातो, आणि त्यासाठी कोणती गाडी सोयीची ठरेल ते पाहून सांगतो.