लग्न ठरलंय. सासरचे म्हणतात आडनाव बदल, पण पासपोर्ट आणि डिग्री माहेरच्या नावावर आहेत. बदलू का? (बडोदा)

कायदा बदला म्हणत नाही. मनात नसेल तर बदलू नका आणि कुणाला कारणंही देत बसू नका. ‘आडनाव वेगळं राहिलं तर नवऱ्याच्या इस्टेटीत हक्क राहत नाही’ हे दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत ऐकवणारे भेटतील. साफ खोटं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा पहिल्या वर्गातली वारस असते ती लग्नामुळे. त्याला पुरावा विवाह नोंदणीच्या दाखल्याचा, आडनावाचा नव्हे. हा मुद्दा काढणाऱ्या काकांना वर्षाचा आकडाही सांगा, मग गप्प बसतात.

बदलायचंच असेल तर अर्धवट बदलू नका. आपल्याकडे आडनावाबरोबर मधलं वडिलांचं नावही जातं. तीनपैकी दोन शब्द बदलले की संगणकाच्या लेखी बाईच नवी. त्यात गुजरातेत आडनाव आधी लिहितात, त्यामुळे एल.सी.वर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) ‘देशपांडे अनुजा मोहन’ आणि आधारवर ‘अनुजा मोहन देशपांडे’ हा घोळ आधीचाच असतो. चव्हाणांचं गुजरातीत चौहाण होतं. सासर गायकवाडांचं असेल तर इंग्रजीत ‘ए-ई’ की ‘ए-आय’ हे नवऱ्याच्या आधारवर बघून घ्या, बडोद्यात दोन्ही सापडतात.

पहिल्यांदा विवाह नोंदणी. अर्जात माहेरचं नाव, एल.सी.वर आहे तस्सं. पुष्कळ जणी घाईने आधी आधार बदलतात, मग लग्नाच्या दाखल्यावरही नवीनच नाव छापून येतं आणि जुनी-नवी बाई एकच असं सांगणारा कागदच उरत नाही. मग सोगंदनामा (म्हणजे प्रतिज्ञापत्र), पेपरात जाहिरात, सरकारी गॅझेट, सगळं मागे लागतं.

दाखला हातात आला की आधार. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून ऑपरेटरच्या स्क्रीनवर इंग्रजीखालची गुजराती ओळही वाचा. त्यानंतर पॅन (नंबर तोच राहतो), मग बँक, पीएफ, डीमॅट. पॅनवर एक आणि खात्यावर दुसरं नाव राहिलं की इन्कम टॅक्सचा रिफंड अडकतो. डिग्रीला हात लावू नका, सोबत दाखल्याची प्रत जोडली की काम होतं.

पासपोर्ट सगळ्यात शेवटी. तो री-इश्यू होतो, म्हणजे नवं पुस्तक, नवा नंबर. तिकिटं काढली असतील किंवा व्हिसा लागला असेल तर परत येईपर्यंत थांबा. माहेरचं आडनाव ठेवून नुसतं पतीचं नाव घालता येतं, हे बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही.

दोन्ही आडनावं लावायची असतील तर मधली आडवी रेघ टाळा, कित्येक ऑनलाइन फॉर्म ती घेत नाहीत.

आणि तांदळाच्या ताटात अंगठीने तो जे नाव लिहील ते लिहू द्या. त्याची नोंद कुठल्याच कचेरीत होत नाही, त्यावरून मांडवात भांडण नको.

हो, एक राहिलं. नाव बदललं नाहीत तर बाळंतपणाच्या वेळी हॉस्पिटलचा जन्मनोंदणीचा फॉर्म सहीआधी वाचा. आईच्या रकान्यात सवयीने नवऱ्याचं आडनाव टाकलं जातं, आणि ते मुलाच्या पासपोर्टच्या वेळी कळतं.