पपईच्या व्हायरसवर काम करणारे डेनिस गोन्साल्विस एवढे मोठे मानले जातात, ते त्यांच्या सायटेशनवरून (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरमध्ये त्यांच्या पेपरचा किती वेळा संदर्भ दिला त्यावरून) कळतं का?

कळतं, पण अर्धंच. मी वनस्पतींच्या व्हायरसवरच काम करतो आणि या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी काम काय ते बघा. पपईचा रिंगस्पॉट व्हायरस मावा नावाची रस शोषणारी बारीक कीड पसरवते. मावा एका झाडावर सोंड टोचतो, उडून दुसऱ्यावर बसतो, तेवढ्यात लागण झालेली असते, म्हणून फवारणीचा फारसा उपयोग होत नाही, औषधाने मावा मरेपर्यंत व्हायरस पुढच्या झाडात गेलेला असतो. शहादा-नंदुरबारकडच्या कुठल्याही पपईवाल्याला विचारा, तो सांगेल एकदा प्लॉटमध्ये शिरला की काय होतं ते. हवाईत ओआहू बेटावरची पपई यानेच १९५०च्या दशकात घालवली आणि लागवड मोठ्या बेटावरच्या पुना भागात गेली.

गोन्साल्विस मूळचे हवाईचे, नोकरी कॉर्नेल विद्यापीठात. व्हायरस पुनात पोचायच्या कितीतरी वर्षं आधीच ते तयारीला लागले होते, मला हेच सगळ्यात भारी वाटतं. आधी त्यांनी व्हायरसचा एक सौम्य प्रकार तयार केला आणि तो लसीसारखा रोपांना टोचून बघितला, तैवानमध्येही ते करून बघितलं, पण रोगाचा जोर वाढला की ते टिकत नव्हतं. मग १९८६ ला रॉजर बीची यांच्या गटाने तंबाखूत दाखवलं की व्हायरसच्या आवरणाच्या प्रोटीनचा जीन झाडात घातला तर झाड त्या व्हायरसला तोंड देऊ शकतं. गोन्साल्विस आणि हवाईतल्या सहकाऱ्यांनी तेच पपईत केलं, जीन घेतला तो आपल्याच सौम्य व्हायरसचा. १९९२ ला ओआहूवर शेतात चाचणी सुरू झाली आणि त्याच वर्षी मे मध्ये पुनात व्हायरस सापडला! १९९८ च्या मे मध्ये या जीन घातलेल्या पपईपासून तयार केलेल्या रेनबो जातीचं बी शेतकऱ्यांना फुकट वाटलं गेलं आणि तिथली पपई वाचली.

आता सायटेशन. पपईत जीन घातल्याचा १९९२ चा मूळ पेपर मॉरीन फिच यांच्या नावाने सुरू होतो, त्यामुळे नुसतं पहिल्या लेखकाचं नाव धरून शोधलंत तर गोन्साल्विस यांचं मुख्य कामच हाताला लागणार नाही. उलट १९९८ चा त्यांचा आढावा लेख, ज्यात सगळी हकीकत एकत्र आहे, तो लोक सतत उद्धृत करतात, कारण प्रस्तावनेत एक संदर्भ टाकला की काम भागतं. पद्धतीच्या पेपरचं तर विचारूच नका, क्लार्क आणि ॲडम्स यांचा १९७७ चा एलायझाचा (अँटिबॉडी वापरून व्हायरस ओळखायच्या चाचणीचा) पेपर बघा, झाडातला व्हायरस तपासणारी जवळपास प्रत्येक लॅब तो देत आली.

शिवाय विषय केवढा हेही बघायला लागतं. सुरुवातीला वाटत होतं की ते प्रोटीनच व्हायरसला अडवतं, नंतर कळलं की पपईत खरं काम आरएनए सायलेन्सिंगचं आहे, म्हणजे झाड व्हायरसचा आरएनए ओळखून तो तोडून टाकतं. झाडांमधले त्याचे छोटे आरएनए हॅमिल्टन आणि बाउलकम यांनी १९९९ ला दाखवले. तो पेपर प्राणी, माणूस, औषधं, सगळीकडचे लोक वाचतात. पपईवर काम करणारे जगात असून असून किती असणार? म्हणून तो पेपर आणि पपईवरचं काम यांचे आकडे शेजारी ठेवून कोण मोठा असं ठरवणं मला अजिबात पटत नाही. एच इंडेक्सचंही तेच, ४० म्हणजे किमान ४० सायटेशन मिळालेले ४० पेपर, पण रेनबो लावणारा शेतकरी त्यात कुठेच मोजला जात नाही.

मग बघायचं काय, तर कोण उद्धृत करतंय आणि कशासाठी. रेनबोची ताकद हवाईच्या व्हायरसपुरती आहे, तैवान-थायलंडचे प्रकार जीनच्या रचनेत वेगळे पडतात, तिथे ती टिकत नाही. त्यामुळे ज्या पेपरमध्ये बाहेरच्या लोकांनी आपल्याकडचा व्हायरस घेऊन तीच पद्धत पुन्हा करून बघितली, ती सायटेशन मी सगळ्यात वजनदार धरतो, प्रस्तावनेतली पन्नास एकीकडे आणि असं एक एकीकडे.

आपल्यासाठीही मुद्दा तोच आहे. मुंबई प्रांतातल्या पपईच्या मोझॅकची (पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पाडणाऱ्या व्हायरसच्या रोगाची) नोंद कपूर आणि वर्मा यांनी १९४८ लाच केली होती. रेनबोचं बी नुसतं इथे आणून भागणार नाही, इथल्याच व्हायरसचा जीन घ्यायला लागेल, आणि व्यावसायिक लागवडीला जीएम (जीन बदललेल्या) पिकांपैकी आपल्याकडे आजही फक्त बीटी कापूस आहे. तुम्ही विद्यार्थी असाल तर १९९८ चा तो लेख आधी वाचा, आकडे नंतर बघा.