52 हजारांचा नॅस घेऊन वीज खरंच वाचेल का?

ताई, बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही नाशिकला राहता, मुलांचे फोटो आणि सासऱ्यांच्या कीर्तनाच्या कॅसेट उतरवून घेतलेलं रेकॉर्डिंग असा दीड टीबी डेटा जुन्या डेस्कटॉपवर आहे आणि तो डेस्कटॉप 24 तास चालू असतो. दुकानदार म्हणतोय दोन डिस्कवाला नॅस (घरच्या वायफायला जोडायचा डिस्कचा डबा, ज्यातल्या फाईल सगळ्यांना आपापल्या मोबाईलवर उघडता येतात) घ्या, यूपीएस धरून 52,000, नो कॉस्ट ईएमआय, विजेतच पैसे वसूल होतील.

मी तुम्हाला सांगितलं होतं की घरातलं सगळं बंद करून फक्त डेस्कटॉप चालू ठेवा आणि मीटरचा लाल दिवा 15 मिनिटांत किती वेळा लुकलुकतो ते मोजा. तुम्ही मोजलंत, 56 वेळा. तुमच्या मीटरवर एका युनिटला 3200 पल्स छापलंय, म्हणजे हिशोब 70 वॅटचा लागतो. एक वॅट वर्षभर अखंड चालला की पावणेनऊ युनिट होतात, त्यामुळे तुमचे झाले 613 युनिट. वरच्या स्लॅबला वहन आकार, वीज शुल्क सगळं धरून तुम्हाला युनिट 12 रुपयांना पडतं, म्हणजे वर्षाला साधारण 7,350 रुपये.

नॅस दोन डिस्कसकट 20 वॅट धरू, त्याचे होतात 2,100. वाचले सव्वापाच हजार, म्हणजे 52,000 वसूल व्हायला जवळपास 10 वर्षं, आणि तोवर त्याच डिस्क टिकतील हे मी तरी धरून चालणार नाही.

आता हे बघा, तोच डेस्कटॉप रोज फक्त दोन तास चालवला तर वर्षाचं बिल 600 च्या आसपास येतं, म्हणजे एक रुपया न घालता नॅसपेक्षा जास्त वाचतात! रात्री जेवणं झाली की चालू करा, मोबाईलमधले फोटो उतरवा, झोपताना बंद. तुम्हीच लिहिलंय की दिवसा त्याला कोणी हातही लावत नाही, मग 24 तास कशाला?

माझी खरी काळजी वेगळीच आहे. तुमचा घरखर्च महिन्याला 60,000 आणि अडीअडचणीला बाजूला आहेत फक्त 40,000, त्यात हा ईएमआय नको. नो कॉस्ट म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुतेक वेळा लागतोच, कार्डाचं स्टेटमेंट नीट वाचा. आधी निदान तीन महिन्यांचा खर्च साठवा.

आणि बॅकअप म्हणाल तर नॅसच्या दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तोच डेटा लिहिला जाणं म्हणजे बॅकअप नाही हो. माझ्याकडे असाच सेटअप होता, बहिणीच्या लग्नाचं फोल्डर चुकून डिलीट झालं आणि त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून गेलं, परत मिळालं नाही. अजून वाईट वाटतं. तुमच्या कॅसेट तर झिजल्यात, पुन्हा उतरवता येणार नाहीत, म्हणून साध्या यूएसबीच्या 2 टीबीच्या दोन डिस्क घ्या, त्या 52 हजारांच्या खूप आत बसतील. एक घरी कपाटात, कॉपी झाली की काढून ठेवायची, सतत जोडून नाही, आणि दुसरी पुण्याला तुमच्या बहिणीकडे.

पुढे पैसे साठले आणि घरात सगळ्यांनाच मोबाईलवर कधीही फोटो बघायचे असले तर नॅस जरूर घ्या, पण दुकानदाराला डिस्कसकट नुसतं चालू असताना किती वॅट खातो ते विचारा. साडेतीन इंची डिस्क रिकामी फिरतानाच 4-5 वॅट खाते, तेव्हा लहान चार घेण्यापेक्षा मोठ्या दोन बऱ्या, आणि वापर नसताना डिस्क थांबवायचं सेटिंग चालू करून घ्या.

दिवाळीत पुण्याला जाल तेव्हा डिस्क घेऊन जा आणि तिथल्या लॅपटॉपवर एखादं कीर्तन सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावून ऐका, फाईल नुसती दिसतेय की नीट वाजतेय ते तेव्हाच कळेल.