लेक म्हणते, युनिव्हर्सिटी नको, इथलंच कॉलेज बरं

ताई,

लँकेशायरहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. लेकीला लीड्सला प्रवेश मिळतोय, पण तिला घरापासून बसने पंधरा मिनिटांवरच्या कॉलेजात बालशिक्षणाची फाउंडेशन डिग्री, म्हणजे पूर्ण पदवीच्या अलीकडची दोन वर्षांची पदवी, करायची आहे. तिच्या बाबांना हे पायरी उतरल्यासारखं वाटतं. ‘पुण्याच्या नातेवाइकांना काय सांगू?’ असं तुम्ही विचारलंय.

तुमचं बी.कॉम. बारामतीच्या कॉलेजात झालं, असं तुम्हीच लिहिलंय. पदवीच्या कागदावर नाव मात्र पुणे विद्यापीठाचं असेल. नातेवाइकांना एवढंच सांगा की इथेही बहुधा तसंच आहे, त्यांना लगेच कळेल. इंग्लंडमध्ये कॉलेज म्हटलं की सोळा-सतरा वर्षांची मुलं, प्लंबिंग आणि हेअरड्रेसिंग डोळ्यांसमोर येतं. पण त्याच आवारात पदवीचे वर्गही भरतात. शिकवतं कॉलेज, पदवी बहुधा विद्यापीठ देतं. न्यूकॅसलच्या कॉलेज-समूहाला तर २०१६ साली स्वतः पदवी देण्याचा अधिकार मिळाला.

पैशाचं बघू. २०२५-२६ साठी विद्यापीठाच्या फीची कमाल मर्यादा ९,५३५ पौंड आहे. कॉलेजांची फी अनेकदा त्याहून कमी असते. घरी राहणाऱ्याला राहणीखर्चाचं कर्ज जास्तीत जास्त ८,८७७ पौंड, लंडनबाहेर वेगळं राहणाऱ्याला १०,५४४. दोन्ही आकडे घरच्या उत्पन्नानुसार खाली येतात. बाहेर राहिलं तर कर्ज थोडं जास्त मिळतं खरं, पण खोलीचं भाडं तो फरक सहज गिळून टाकतं.

पण तुमच्या लेकीचं कारण मला पैशाहून मोठं वाटतं. शनिवारी ती ज्या नर्सरीत काम करते, ते काम तिला सोडायचं नाही. कॉलेजात पदवीचे तास बरेचदा आठवड्याच्या दोन-तीन दिवसांत बसवलेले असतात, वर्ग लहान असतो, शिक्षक नावाने ओळखतात. नोकरी करणारे, लेकरंबाळं असलेले लोक शेजारी बसलेले असतात. बालशिक्षण शिकताना वर्गात आईपण निभावणारी माणसं असणं मला फार मोलाचं वाटतं. लीड्सचं मोठं ग्रंथालय, वसतिगृहातलं आयुष्य, तिथे जुळणारी मैत्री यांना ती मुकेल, हेही खरं. तिने ते समजून नाही म्हटलंय का, एवढं शांतपणे विचारा.

एक मात्र नीट पाहा. फाउंडेशन डिग्री पूर्णवेळ दोन वर्षांची. ऑनर्स पदवीसाठी पुढे टॉप-अपचं वर्ष लागतं. तिला पुढे सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचं असेल, तर नुसत्या फाउंडेशन डिग्रीवर भागणार नाही. पूर्ण पदवी हवी, आणि गणित, इंग्रजी, विज्ञानात जीसीएसईला, म्हणजे इथल्या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेला, किमान ‘४’ हा ग्रेड.

कॉलेजच्या ओपन डेला तिच्या बाबांनाही घेऊन जा. पदवी कोणतं विद्यापीठ देणार, टॉप-अप याच इमारतीत होतं की शहर बदलावं लागतं, आणि मधेच विद्यापीठाशी करार संपला तर चालू वर्गाचं काय, हे तिलाच विचारू द्या. बाबांनी शेजारी बसून उत्तरं ऐकावीत.