वय ४१, समोर इंग्लंडचा व्हिसा आणि बाळाचा प्रश्न

ताई म्हणून हाक मारलीत, तर धाकट्या बहिणीला सांगावं तसं मोकळं सांगते. तुमचं वय ४१. घर नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात, मिस्टरांना बर्मिंगहॅमला नोकरी लागली आहे आणि तीन महिन्यांत निघायचंय. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. तिकडे सगळं फुकट असतं म्हणतात, मग आधी जाऊन बस्तान बसवावं आणि नंतर आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) करावं का? आणि सासूबाई म्हणतात तसं, या वयात आई होणं म्हणजे बाळावर अन्याय आहे का?

पहिल्याचं उत्तर: नाही, थांबू नका. मी थांबले होते. २०१६ साली चाळिशीत नागपुरातल्या धंतोलीतली ट्रीटमेंट अर्धवट सोडून इंग्लंडमधल्या लीड्सला गेले. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलाय, तर एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत होईलच, असं धरून चालले. ऑगस्ट २०१७ मध्ये इंग्लंडने नियम बदलला आणि अधिभार भरून आलेल्यांसाठी आयव्हीएफसारखे उपचार त्यातून वगळले. आता प्रत्येक मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पाउंड भरावे लागतात. त्यात गरोदरपणाच्या तपासण्या, बाळंतपण, सिझेरियन सगळं येतं, आयव्हीएफ येत नाही. कायम राहण्याचा हक्क मिळेपर्यंत ते स्वतःच्या खिशातूनच करावं लागतं. तो हक्क मिळायला वर्षं जातात, आणि तिथल्या मार्गदर्शक सूचना ४० ते ४२ या वयासाठी आयव्हीएफची एकच सायकल (एक पूर्ण फेरी) सांगतात, तीही अटींवर. तुमच्या बाबतीत हे गणित जुळतच नाही.

म्हणून निघण्याआधी नागपुरातच एएमएच (बीजांडांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ताची तपासणी) आणि सोनोग्राफी करून घ्या. डॉक्टर हो म्हणाले तर स्वतःची बीजांडं काढून भ्रूण गोठवायचं कामही इथेच उरका. मात्र ते भ्रूण पुढे इंग्लंडला नेऊ, असं गृहीत धरू नका. २०२१ च्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी नेतानाही राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. त्यापेक्षा भ्रूण गर्भाशयात सोडायला नागपूरला एक फेरी करणं सोपं. मी तेच केलं.

त्या वेळी डॉक्टर म्हणाले, "दोन सोडू, जुळं झालं तर एकदाच सुटाल." मी एकावर अडून बसले. मोठ्या वयात जुळं म्हणजे बीपी, शुगर, वेळेआधी बाळंतपण, सगळे धोके वाढतात. डॉक्टरांना ते माहीत होतं, तरी त्यांनी ते मला सांगितलं नाही, याचा राग अजून आहे.

धोक्यांबद्दल घाबरवत नाही, पण आकडे माहीत असू द्या. बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता ३० व्या वर्षी साधारण ९०० मध्ये एक, ४० व्या वर्षी १०० मध्ये एक आणि ४५ व्या वर्षी ३० मध्ये एक असते. गर्भपाताचं प्रमाणही वयाबरोबर चढतं, ४५ नंतर निम्म्याहून जास्त. माझा पहिला नवव्या आठवड्यात गेला. तरुण बाईचं बीजांड घेतलं तर हे दोन्ही धोके कमी होतात. बीपीचा होत नाही, उलट वाढतो.

वय चाळीस किंवा त्यावर आणि पहिलंच बाळंतपण, हे दोन्ही जुळलं की इंग्लंडमध्ये बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची छोटी गोळी देतात, प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचा आजार, टाळण्यासाठी. पहिल्याच भेटीत मिडवाइफला (गरोदर बाईची तपासणी करणारी तिथली प्रशिक्षित सुईण) त्याबद्दल विचारा, स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

शुगरचं तर आपल्या लोकांना वेगळंच सांगावं लागतं, कारण दक्षिण आशियाई बायकांमध्ये गरोदरपणातला मधुमेह जास्त दिसतो. मला तो झाला. दिवसातून चार वेळा बोट टोचायचं. आई सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आली होती. एका रविवारी तिने तर्री पोहे केले आणि मी दोन प्लेटी खाल्ल्या. तासाभराने मीटरवर ९.६ आलं. तिकडे तासानंतरची मर्यादा ७.८ असते, म्हणजे आपल्या मापात १४०. आईने काही न बोलता उरलेले पोहे झाकून ठेवले आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळीही ज्वारीची भाकरी आणि झुणका सुरू केला. ३९ व्या आठवड्यात डॉक्टरांनी कळा सुरू केल्या, कारण चाळिशीनंतर शेवटच्या दिवसांत बाळ पोटातच दगावण्याचा धोका तरुण बाईपेक्षा जास्त असतो. २०१९ च्या मे महिन्यात मुलगा झाला.

आता सासूबाईंचं. त्यांना उडवून लावू नका, त्यांचा प्रश्न खरा आहे. माझा मुलगा अठराचा होईल तेव्हा मी ६१ ची असेन आणि त्याचे बाबा ६५ चे. २०१९ मध्येच आंध्रातल्या गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी आयव्हीएफने जुळ्यांना जन्म दिला, तेव्हा मी रडले होते. त्या बाईंची इतक्या वर्षांची तळमळ मला कळत होती, आणि त्या दोन पोरींना पुढे कोण पाहील, तेही डोळ्यांपुढे येत होतं. आता भारतात बाईला ५० आणि पुरुषाला ५५ ची मर्यादा आहे. मला ती योग्य वाटते. ४१ त्यात बसतं, पण बसलं म्हणून झालं असं नाही. बाळ तीन महिन्यांचं असताना आम्ही मृत्युपत्र केलं आणि आमच्यामागे त्याला कोण सांभाळेल, ते नागपूरच्या भावाशी बोलून लिहून ठेवलं. हे बोलणं तुम्ही दोघांनी भ्रूण सोडण्याआधी करा.

दुसऱ्या बाईचं बीजांड घेण्याची वेळ आली तर थोडं थांबून विचार करा. आपल्या कायद्यात दात्री, म्हणजे बीजांड देणारी बाई, २३ ते ३५ वयाची असते, आयुष्यात एकदाच देऊ शकते, सातपेक्षा जास्त बीजांडं काढता येत नाहीत, आणि तिचं नाव गुप्त राहतं. इंग्लंडमध्ये २००५ पासून उलट आहे. मूल अठराचं झालं की दात्री कोण हे त्याला विचारता येतं, आणि अनामिक दात्रीच्या बीजांडाचं भ्रूण तिथल्या क्लिनिकमध्ये वापरता येत नाही. कायदा काहीही असो, मुलापासून हे लपवू नका. नात्यातल्या कुणाच्या तरी तोंडून लग्नाच्या पंगतीत कळण्यापेक्षा लहानपणीच आईकडून कळलेलं बरं.

आणि एक तपासणी याच आठवड्यात, दोघांचीही: सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भात हा दोष बऱ्याच घरांत असतो आणि वाहकाला काही त्रास नसल्याने पत्ताच लागत नाही. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता चारात एक. इंग्लंडमध्येही गरोदरपणात ही तपासणी होते, पण तुम्हाला ते भ्रूण तयार करण्याआधी कळायला हवं, म्हणजे पुढचा मार्ग निवडता येतो. एचपीएलसी (त्यासाठीची रक्ततपासणी) करून घ्या आणि दोघांच्या रिपोर्टची मूळ प्रत विमानात हातातल्या बॅगेतच ठेवा.