वाचकांचे प्रश्न: बंद घर, मोठं झालेलं रान

प्रश्न: लहानपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावात गेलं. आजी गेली आणि जाणं सुटलं. आता निवृत्तीनंतर आठवडाभर राहून गाव नीट पाहायचं आहे. गणपतीत जावं का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर: गणपतीला जरूर जा, पण गाव पाहायला नको. त्या दिवसांत वाडीत चाकरमानी उतरलेले असतात, कुलपं निघालेली असतात, आणि सगळं होतं तसंच आहे असं वाटतं. खरं गाव जानेवारी-फेब्रुवारीत दिसतं. गवत वाळल्यामुळे जुने बांध आणि पाणंदी ओळखू येतात, विहिरीला पाणी असतं, लोकांना बोलायला सवड असते. मे महिन्यात आंबे मिळतील, माणसं मिळणार नाहीत.

पोचल्यावर आधी भातखाचरं पाहा, बाकीच्या बदलांचं मूळ बहुतेक तिथेच सापडतं. लावणीला हात उरले नाहीत, गुरं गेली म्हणून शेण नाही, की खाचर पडीक राहतं. आधी गवत, मग रानमोडी आणि करवंद, मग झाडं. रान परसापर्यंत आलं की डुक्कर आणि माकडं येतात. परसातली भाजी बंद होते, माकडांच्या उड्यांनी कौलं फुटतात, आणि दरसाल शाकारणीला, म्हणजे कौलं नीट बसवायला, माणूस मिळत नाही म्हणून घरावर पत्रे चढतात. गावाने कौलं हौसेने उतरवली, असा शेरा ओट्यावर बसून मारू नका. आंब्याच्या बागा मात्र राखलेल्या दिसतील; तिथे राखणीला बऱ्याचदा नेपाळी कुटुंबं असतात.

वाडीची पाटीही कदाचित बदललेली असेल. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. रिक्षावाल्याला जुनं नाव सांगण्यापेक्षा शाळा किंवा देऊळ सांगा.

निघण्याआधी गावच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळात जाऊन या. कोण हयात आहे, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे तिथे कळतं. (थकलेली वर्गणी विचारतील. द्या.) गावात पोचल्यावर ग्रामदेवतेला नारळ, मग भावकीत फेरी, आणि त्यानंतर स्वतःच्या घराचं कुलूप.

प्रश्न: गावचं घर पाच पावसाळे बंद आहे. छप्पर आणि विहीर यांचं काय पाहावं?
– एक वाचक, परळ

उत्तर: छपरावर कुणाला चढवण्याआधी आतून वासे तपासा. वाळवी आतून खाते, वरचा रंग शाबूत राहतो. वाशाचं टोक चिऱ्याच्या भिंतीवर टेकतं तिथे पेचकस टोचा. सहज आत गेला तर तो वासा बदलायचा. मंगलोरी कौलं 100 चौरस फुटांना साधारण 150 लागतात, वर दहा टक्के फुटीसाठी धरा. नवी आणताना जुनं एक कौल नमुन्याला न्या. कारखान्यागणिक खाचा वेगळ्या असतात. त्या बसल्या नाहीत तर पहिल्याच पावसात सांध्यातून धार लागते. शाकारणी मेअखेर उरकायची, म्हणून माणूस मार्चमध्येच सांगून ठेवा.

विहिरीत लगेच कुणाला उतरवू नका. बंद विहिरीत तळाशी हवा कोंदलेली असते. जळता कंदील दोराने खाली सोडा. विझला तर उतरायचंच नाही, न विझला तरी कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच. गाळ-पाचोळा काढून पाणी उपसा, नवं पाणी भरलं की टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका. हिशेब सोपा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला 785 ने गुणलं की लिटर येतात. 2 मीटर व्यास आणि 3 मीटर पाणी असेल तर सुमारे 9,400 लिटर. दर 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम, म्हणजे 24 ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्या, तळाचा चुना बाहेर टाका, वरची निवळी विहिरीत सोडा आणि बादली वरखाली करून ढवळा. तासभर पाणी काढू नका. रात्री टाकलेली बरी. पुडी बरेच दिवस उघडी पडलेली असेल तर तिच्यात दम उरत नाही, ती नको.

प्रश्न: सातबाऱ्यावर अजून वडिलांचंच नाव आहे. घरपट्टी मी भरतो, तेवढं पुरेल का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: नाही. घरपट्टी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, जमीन महसूल खात्याच्या सातबाऱ्यावर; एकीकडची नोंद दुसरीकडे आपोआप जात नाही, आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीवर करा. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र. नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार (नोंदीतला बदल) मंजूर करतात. अर्ज अडतो तो बहुधा लग्न झालेल्या बहिणीचं नाव गाळल्यामुळे. तिचा हक्क तुमच्याइतकाच आहे. तिला नको असेल तर नाव लागल्यावर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करता येतं. आधीच नाव वगळणं हा त्यावरचा मार्ग नव्हे.